केतकीचा मोदक

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. यांना नाही, माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि बहिणीला तर मी माझं वजनसुद्धा खरं सांगते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत राहत नाही.

गोष्ट एवढीशी आहे. ऐकून हसाल. हसा की — मीही हसते अधूनमधून. पण हसून झालं की आत काहीतरी टोचत राहतं, त्याचं काय करायचं?

मी क्रोशाचं काम करते. चाळीस वर्षं झाली. तोरणं, रुमाल, टीव्हीवरची झाकणं — मग टीव्ही पातळ झाले आणि तो कारभार आटोपला. तेव्हा मी अनारसा काढला. म्हणजे गरम भांडं धरायचं गोल, दुहेरी विणीचं फडकं. सुती दोऱ्याचं, मधाच्या रंगाचं, वर पांढऱ्या दोऱ्याच्या बारीक गाठींची खसखस. ओट्याशेजारी खिळ्याला टांगलेला असायचा. पाहुणे हात लावून बघायचे, एका बाईंनी तर वास घेतला. सोसायटीत आठ-दहा घरांत माझे अनारसे आहेत. त्याचा मला गर्व होता का? होता. भरपूर.

मग केतकी आली. माझी सून. मुलगी सोन्यासारखी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही तिच्यात खोट शोधत बसणार नाही. तिने स्वयंपाकघर लावलं — डब्यांवर नावं, मसाल्यांना वेगळा कप्पा. सगळं सोयीचं. तेच तर! गैरसोयीचं असतं तर मला बोलता आलं असतं. तिची आमटी यांना आवडली, तिचा चहा मला आवडला. घरात माझा म्हणून उरला तो एक अनारसा. आणि एके दिवशी ती म्हणाली, तोही शिकवा.

मी म्हटलं, मोबाईलवर बघ, त्यात सगळं असतं. तर म्हणाली, "नको हो आई, व्हिडिओ बघून कोणीही शिकतं. मला तुमच्याकडूनच शिकायचंय."

आता सांगा — अशा मुलीशी कुणी वाईट वागेल?

मी वागले.

गोल विणताना एक गोष्ट सांभाळायची असते. पहिल्या फेरीत बारा खांब, म्हणजे उभे टाके, घातले, की दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात दोन-दोन घालायचे. पुढेही दर फेरीला थोडी वाढ द्यायची, तरच गोल सपाट बसतो. नाही दिली तर कडा वर वळतात आणि त्याची वाटी होते. क्रोशातलं हे अगदी बालवाडीतलं ज्ञान. ते मी तिला दिलं नाही. विसरले नाही — दिलं नाही. प्रत्येक घरात एक खांब घालत सरळ पुढे जा, एवढंच सांगितलं.

आठ दिवस ती ऑफिसातून यायची, पांढरा दोरा घेऊन बसायची. (मधाच्या रंगाचा मी हाती दिलाच नव्हता — आधी हात बसू दे, म्हटलं.) तिसऱ्या-चौथ्या फेरीला वाटी व्हायची. ती उसवायची. आणि मी शेजारी बसून, आवाज मऊ करून सूचना द्यायचे — दोरा ओढतेस तू, हात सैल सोड. आठव्या दिवशी ती म्हणाली, "माझ्या हातातच नाहीये बहुतेक." आणि मला — कसं सांगू? — मला बरं वाटलं. दोरा, खांब, सगळं सोडा. तिचा चेहरा पडला आणि मला बरं वाटलं.

आता गंमत बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून आरोळी ऐकू आली. मला वाटलं भाजलं, धावत गेले. तर ही ओट्यापुढे नाचत होती! आदल्या रात्रीची वाटी तिने उसवलीच नव्हती. उपडी केली होती, दोऱ्याने ओढून कळ्या पाडल्या होत्या, वर टोक काढलं होतं. मोदक! पांढराशुभ्र, उकडीचा. त्यात बोटं घालून तिने पोह्यांच्या कढईचा तापलेला कान धरून दाखवला. पक्का बसला. माझा अनारसा तिथून सटकतो, हे मला ठाऊक होतं. बोलले मात्र कधी नव्हते. तिने माझे दोन्ही हात धरले आणि मला गरागरा फिरवलं. मीही फिरले, गुडघे विसरून. खरा आनंद झाला हो मला. इतकं देखणं काहीतरी आमच्या ओट्यावर जन्माला आलं होतं.

तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

गणपतीत तिने शेजारीपाजारी प्रसादाबरोबर असे मोदक वाटले. आरतीला सगळ्या जमल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या पाध्येबाई स्वतः उत्तम विणतात. त्यांनी मोदक उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "गोलाला वाढ द्यायची असते, हे सुनेला शिकवलं नाहीत वाटतं?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. केतकीही.

"नाहीच शिकवलं," मी म्हटलं. "मुद्दाम."

बघा, इथवर अक्षर न् अक्षर खरं होतं. मग मी पुढे म्हटलं, "सगळं हातात दिलं की डोकं चालत नाही. तिचं तिला सुचायला हवं होतं."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवसांची तिची धडपड, तिची अक्कल, तिचा मोदक — सगळं एका वाक्यात मी माझ्या नावावर करून घेतलं. ती माझ्या पाया पडायला वाकली. मी वाकू दिलं. आशीर्वादही दिला, तोंडभर.

तेव्हापासून त्याचं नाव 'आईंचा मोदक' पडलं आहे. हल्ली दर शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये केतकी विणकाम शिकवते. खुर्च्या कमी पडतात, हशा आमच्या गॅलरीपर्यंत ऐकू येतो. पहिल्या दिवशी ती वाढीबद्दल अवाक्षर काढत नाही. विचारलं तर म्हणते, "आमच्या आईंची पद्धत आहे ही."

परवा मीही हॉलमध्ये जाऊन बसले होते. एक नवीन मुलगी चौथ्यांदा उसवताना अगदी रडकुंडीला आली. केतकीने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हळूच डोळा मिचकावला.

मीही मिचकावला.