मासळीच्या गाडीखाली

मासळीच्या गाडीखाली झोपायचं नाही, हा माझ्या गॅरेजचा नियम होता. पाटी लावली नव्हती, एवढंच. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशीच माझं गॅरेज. समोरच्या गटारातून कधी पिवळं, कधी जांभळं पाणी वाहतं, आणि वारा पडला की असा उग्र वास कोंडतो की नवा माणूस डोळे चोळत बसतो. त्याचं मला काही वाटत नाही. सांगलीकडून येऊन वीस वर्षं झाली, नाक सरावलं. पण मासळीच्या पाण्याला ते काही सरावेना.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. पिकअपच्या हौद्यात बर्फ वितळतो. त्यात खवले, रक्त, आतडी आणि मीठ मिसळतं, आणि ते पाणी फटींतून झिरपत खाली चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर उतरतं. तिथे सुकतं. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी येतं. वर्षभरात चासीवर बोटभर जाडीची काळपट साय धरते. साय म्हणतोय, कारण खरा शब्द लिहायची मलाच शिसारी येते. उन्हाळ्यात तिच्यात अळ्या पडतात. माझ्या पान्याला चिकटलेल्या मी पाहिल्या आहेत. तो पाना मी फेकून दिला होता.

नियम मोडला तो घिवलीच्या मावशींपायी. मावशी म्हणजे तिथल्या बंदरावर मासळी घेऊन बोईसरला आणि मनोरच्या बाजारात विकणारी पन्नाशीची बाई. आवाज असा की इंजिन चालू असलं तरी ऐकू येतो. त्यांची जुनी डिझेल पिकअप त्यांच्या बहिणीचा मुलगा चालवायचा. तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, बोलायला कमी. दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या गाडीची क्लच प्लेट गेली. बाकीच्या गॅरेजवाल्यांनी नाक मुरडलं म्हणून मावशी माझ्या दारात येऊन बसल्या. उठेचनात. शेवटी घेतली गाडी.

गिअरबॉक्स उतरवताना अर्थची पट्टी तुटली. बॅटरीची एक तार चासीला जोडलेली असते, आणि चासीपासून गिअरबॉक्सला, म्हणजे इंजिनाला, ही पट्टी असते. तिच्याशिवाय सेल्फला, म्हणजे स्टार्टरला, पुरेसा करंट मिळत नाही, गाडी उठत नाही. मी लाल केबलचा एक तुकडा तिच्या जागी लावायला घेतला. गाडीखाली उताणा पडलो होतो, तोंडावर रुमाल. तोंडाने श्वास घेत होतो म्हणून रुमाल जरा खाली सरकला, आणि वरून एक थेंब माझ्या ओठावर पडला. कोमट होता. खारट आणि गोडूस. मी बोल्ट कसाबसा आवळला, बाहेर आलो आणि गटाराच्या काठावर भडाभडा ओकलो. पुन्हा खाली गेलो नाही. गाडी चालू झाली, मावशी खूश झाल्या, मी तीनदा साबणाने तोंड धुतलं.

दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या. सकाळी गाडी उठत नाही, सेल्फ नुसता टिक करतो, धक्का मारावा लागतो. मावशींचा भाचा गाडी घेऊन आला. मी बॉनेट उघडलं, हाताच्या अंतरावरूनच बॅटरीला मीटर लावला. बॅटरी उतरलेली होती. चार्ज करून दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मावशी स्वतः सोबत होत्या.

"मिस्त्री, हे दर वेळी असं का होतं?" त्यांनी विचारलं.

गाडीखाली जाऊन बघणं हे त्याचं उत्तर होतं. मी म्हणालो, "ड्रायव्हरला विचारा. गाडी बंद करून गाणी लावून बसत असणार, लाइट चालू ठेवत असणार. बॅटरी आपोआप उतरते होय?"

भाचा शेजारीच उभा होता. "मी नाय बसत," एवढंच म्हणाला. मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली, आणि मी हात पुसायला आत गेलो.

संक्रांतीच्या आधी मनोरच्या बाजाराच्या दिवशी गाडी पुन्हा उठली नाही. तासाभराने धक्का देऊन सुरू केली, पण वाटेत दोनदा बंद पडली, आणि बर्फ संपला, मासळी नासली. मावशींनी भाच्याला घरापुढच्या खळ्यात, मासळी सुकवणाऱ्या साऱ्या बायकांसमोर, कामचोर म्हणून काढून टाकलं. वर हेही म्हणाल्या म्हणे, की बोईसरच्या मिस्त्रीनेच सांगितलं. हे मला गिऱ्हाइकांकडून कळलं. नंतर तो मला रोज दिसू लागला. एका कारखान्यात रसायनाचे ड्रम धुवायच्या कामाला लागला होता. सायकलवरून गॅरेजपुढून जायचा, बोटं हळद लावल्यासारखी पिवळी. माझ्याकडे बघायचा नाही. मला वाटायचं, बरं झालं, चूक त्याची होती.

होळीनंतर मावशींचा फोन आला. "गाडी आंगणातच मेली हाय. मासळी भरलेली हाय. आत्ता ये."

घिवलीला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. खळ्यात बांबूंवर बोंबील टांगलेले, खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला, सात-आठ बायका कामाला, आणि मधोमध ती पिकअप. हौद्यातून पाणी ठिबकत होतं. खाली डबकं झालेलं, त्यावर माश्या. मी नाकावर रुमाल बांधला. बायका हसल्या. नवा ड्रायव्हर परप्रांतातला होता, दोन महिन्यांपूर्वीच लागलेला. "सेल्फ उठा ही नहीं रहा," तो म्हणाला.

"हा पण लाइट लावून झोपतं काय?" मावशी मला म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होत्या.

दोन वेगळे ड्रायव्हर आणि आजार एकच.

तरीही मी आधी वरचंच सगळं तपासलं. खाली जावं लागू नये म्हणून माणूस किती कामसू होतो! फ्यूज पाहिले, रिले बदलून पाहिला, डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी काढलं. त्याचा इथे काही संबंध नव्हता, तरी काढलं. बॅटरी आज चांगली भरलेली होती, ड्रायव्हरने कालच चार्ज करून आणली होती. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाला टेकवली आणि ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. आकडा सातच्या पुढे गेला. बॅटरीतून निघालेला निम्मा दम वाटेतच मरत होता. जंपर केबल काढली आणि निगेटिव्हपासून थेट इंजिनाला लावली. पहिल्या सेल्फला गाडी धडधडत उठली.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या क्षणी पळून जावंसं वाटलं, कारण आता खाली काय सापडणार ते मला ठाऊक होतं.

गाडी बंद करून मी त्या डबक्याशेजारी पोतं टाकलं आणि खाली सरकलो. साय तशीच होती, आणखी जाड झालेली. दोन बोटांनी ती खरवडली. थंड आणि बुळबुळीत, मध्ये केसांसारखे काटे. तिच्या आत माझी लाल केबल. बोल्ट काढला. वायसरच्या चकतीखाली चासीचा काळा रंग अजून तसाच होता, गोल, चकचकीत. त्याच्या कडेने हिरवी बुरशी चढलेली.

अर्थ लावताना रंग खरवडायचा, लोखंड उघडं होईपर्यंत घासायचं, मग आवळून वर ग्रीस फासायचं. हे मी माझ्याकडे काम केलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितलं आहे. मी रंगावरच बोल्ट आवळला होता. बोल्टच्या आट्यांतून जो काही थोडा करंट जात होता तो मासळीच्या पाण्याने हळूहळू खाल्ला. अर्थ अशी असली की चार्जिंगही धड होत नाही. बॅटरी त्यानेच उतरत होती. कोणी गाणी लावून बसलं नव्हतं.

मी खाली पडून राहिलो. मला किळस आली, पण ती वरच्या घाणीची नव्हती. तेव्हा पुसून घेतलेल्या माझ्या हातांची होती. तो पिवळ्या बोटांचा माणूस शेजारी उभा असताना मी जे बोललो त्याची होती.

घासलं. लोखंड चमकेपर्यंत घासलं, नवी पट्टी लावली, ग्रीस फासलं. बाहेर आलो. गाडी उठली. गुपचूप जाता आलं असतं. मावशी ड्रायव्हरला "निघ लवकर" म्हणत होत्या.

"मावशी, लाइटचं काही नव्हतं. क्लचच्या वेळी मी वायर चुकीची बसवली होती. तुमचा भाचा खरं बोलत होता."

मला शिव्या चालल्या असत्या. मावशींनी कमरेचा फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात कोंबला. "मना काय सांगतंस? त्याला सांग."

पलीकडे ड्रमांचा खणखणाट होता. मी नाव सांगून जे झालं ते सांगितलं. खणखणाट मागे पडला, तो बाहेर आला असावा. मग म्हणाला, "मासळी नाय ना नासली?"

"नाही. गाडी निघतेच आहे."

"खळ्यात बायका हायत?"

"आहेत."

"मंग मना नको सांगू. त्यांना सांग, मोठ्यानं. फोन चालू ठेव, मी ऐकतंय. मावशी मना कामचोर त्यांच्यासमोरच बोलली होती."

मी फोन जवळ्याच्या टोपलीच्या कडेवर ठेवला. बायकांचे हात थांबले होते. बोलायला तोंड उघडलं तर रुमालातून नुसती कुजबुज बाहेर आली. पाठीमागच्या बाईने "काय?" म्हणून विचारलं.

मी रुमाल सोडला, त्या वासाचा छातीभर श्वास घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.