सुपारी फोडण्याआधी

काल लॅबमध्ये रक्त द्यायला गेलो. तिथल्या मुलीने हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मला धायरीतली एक ओसरी आठवली.

तेव्हा मी थॅलेसेमियावर, रक्ताच्या त्या आनुवंशिक आजारावर, संशोधन करत होतो. धायरीत अजून शेतं होती. ज्या घरातल्या मुलाला दर महिन्याला रक्त चढवावं लागे, तिथल्या सगळ्यांचे नमुने आम्ही घ्यायचो. अशाच एका घरातल्या शांताकाकूंनी धाकट्या मुलीबरोबर आपल्या भाच्यालाही बोलावून घेतलं होतं. दोघं शेजारी बसून, लाजत, हात पुढे करत होते.

"ह्या दोघांचं जमवतोय आम्ही," काकू म्हणाल्या. "थोरल्याचं जे झालं, ते ह्यांच्या लेकरांचं नको. तुमचा रिपोर्ट आल्याबिगर सुपारी फोडायची न्हाई."

"कळवतो की," म्हणालो आणि त्यांनी दिलेला चहा प्यायलो.

दोघांच्याही रक्तात त्या आजाराचा दोष निघाला; त्यांना स्वतःला त्रास नव्हता, पण अशा दोघांच्या मुलाला तोच आजार होऊ शकतो. पण नमुने संशोधनापुरते होते, घरी कळवायची पद्धत नव्हती. नळ्यांवर नुसते नंबर. नावांची वही मात्र माझ्याच कपाटात होती. एकदा साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "अहो, आपण काय लग्नं जमवतो का?" मी हसलो. खरं तर मला सुटल्यासारखंच वाटलं.

"रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येईल, काका," लॅबमधली मुलगी म्हणाली.

काकूंनी किती दिवस वाट पाहिली असेल कोण जाणे. मग काही कळवलं नाही, म्हणजे सगळं ठीकच असणार, असं समजून त्यांनी सुपारी फोडली असेल.