साक्षीनंतर बंद झालेली गोळी

पाळक शमुवेल वाघमारे यांचा मी सगळ्यात जास्त ऋणी आहे. पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. पण त्या मंगळवारी मानसोपचाराच्या ओपीडीत बसून मी मनातल्या मनात त्यांनाच दोष देत होतो.

समोर सुनंदाबाई होत्या. घरचे अन्नात विष घालतात, असं कानातले आवाज त्यांना सांगत होते. म्हणून त्या फक्त स्वतः सोललेली केळी खात. वर्षभर गोळीने हे आवाज बंद होते. आता रिलॅप्स, म्हणजे आजार उलटला होता.

नवरा दानिएल म्हणाला, "सर, चर्चात साक्ष दिली तवापासून गोळी घेऊन नाही राहिली."

साक्ष म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं, ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. सुनंदाबाईंनी सांगितलं होतं, प्रभूने मला बरं केलं.

मी समुपदेशक. कुरुंदा गावच्या शाळेत शिकलो, घरातला पहिला पदवीधर. कॉलेजात शिकलो तसंच बोललो, "ताई, चर्चचं चर्चमध्ये. गोळी घ्यावीच लागेल."

"मंग मी मंडळीपुढं खोटं बोलले व्हय?" त्यांनी तोंड फिरवलं.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "वजन उतरतंय. सोमवारपर्यंत गोळी सुरू झाली नाही तर अॅडमिट."

"मॅडम, पाळकांना भेटून येऊ?"

"ते म्हणतील, नुसती प्रार्थना करा. जा, बघ."

पाळकांशी तुमच्याबद्दल बोलू का, असं सुनंदाबाईंना विचारलं. "त्यायलाच इचारा," एवढंच म्हणाल्या.

मी भांडायच्या तयारीने गेलो. पत्र्याच्या चर्चमध्ये पाळक सतरंज्या झटकत होते. सगळं ऐकून खाली बसले.

"चूक माझी हाय, सर. साक्षीला टाळ्या वाजवल्या. गोळी चालू हाय का, इचारलं न्हाई." हातातल्या सतरंजीची घडी घातली. मग म्हणाले, "रविवारी येता का?"

रविवारी साक्षीच्या वेळी ते स्वतःच पुढे आले.

"बायको गेली तवापासून मी उदासीची गोळी खातो. नांदेडहून आणतो, लपून. पाळकच असा म्हणल्यावर मंडळी काय म्हणंल, या भेवानं. प्रार्थनाबी करतो, गोळीबी खातो. दोन्ही प्रभूच्याच हातून घेतो."

मंडळीतले एक वडीलधारे उठून बाहेर गेले. पुढच्या रांगेतली म्हातारी म्हणाली, "आमच्याकडून समदं कबूल करून घेता, अन् सोताचं काहून लपवलं?" लोक हसले. पाळकही हसले.

तेवढ्यात सुनंदाबाई उभ्या राहिल्या. "पाळकसाहेब, तुमची गोळी कोन्त्या रंगाची?"

"पांढरी."

"माझी पिवळी हाय."

दुपारी पाळकांनी सुनंदाबाई, दानिएल आणि मला जेवायला ठेवून घेतलं. जेवणाआधीची प्रार्थना केली, भाकरी मोडली, अर्धी आधी स्वतः खाल्ली. उरलेली सुनंदाबाईंनी घेतली. मग गोळी.

एका दिवसात काही झालं नाही. आवाज जायला पाच आठवडे लागले. मी त्यांच्या कार्डावर लिहिलं, 'जेवणाच्या प्रार्थनेनंतर एक गोळी.'

"हा कुठला डोस?" मॅडमनी विचारलं.

"त्यांच्या घरचा."

त्यांनी सही केली.

रुग्णाने गोळी बंद केली की मी आता आधी विचारतो, ती पुन्हा सुरू केली तर कोणापुढे मान खाली जाईल? औषधाची माहिती नंतर सांगतो.

इतर नावं बदलली आहेत. पाळकांनी मात्र स्वतःचं ठेवायला सांगितलं. त्यांना मी पाठवलेलं पत्र असं:

'आदरणीय पाळकसाहेब, सलाम.

सुनंदाबाई काल सासूने केलेल्या भाजीत मीठ कमी म्हणून तिच्याशी भांडल्या. दानिएल तक्रार घेऊन आला, मी त्याला चहा पाजला.

दोन घरांनी चर्चला येणं सोडलं, हे कळलं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पण तुम्ही तीच जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणता, डॉक्टरांना दोन वर्षांत भेटला नाहीत, हेही कळलं. मंगळवारी ओपीडी असते. तुमचा केसपेपर काढून ठेवला आहे. ओपीडीबाहेरच्या बाकावर ओळखीचं कोणी बघेलच. मी शेजारी बसेन.

आपला,
संतोष'