घरी यायचे कपडे

शनिवार, दुपार. हजर: मी, माझी लेक मृणाल आणि माझ्या वहिनी. "आणि आत बसलेलं एक," मृणाल पोटावर हात ठेवून म्हणाली, "हजेरीत त्यालाही घे."

दवाखान्याची बॅग मी पलंगावर भरत होते. झबली, टोपडी, लंगोट, माझ्या जुन्या सुती साडीची दुपटी, सगळं धुऊन उन्हात वाळवलेलं. थर्मास, फाइल, मृणालचे दवाखान्यातले गाऊनही ठेवून झाले. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, एवढ्या सामानात बारसंसुद्धा उरकेल हो!" आम्ही हसलो. मी बॅगेची चेन ओढायला घेतली.

मृणाल बॅगेकडे बघत होती. तिने विचारलं, "आई, घरी येताना मी काय घालू?"

माझा हात चेनवरच राहिला. तिचे परतायचे कपडे मी घेतलेच नव्हते. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ दारातून आत येताना मी मनात कितीदा तरी पाहिलं होतं. त्याला घेऊन येणारी मात्र पाहिलीच नव्हती. बाई गरोदर राहिली की सगळ्यांची नजर तिच्या पोटावर जाते आणि तिथेच थांबते. पण मी तर तिची आई. माझीही थांबावी?

"मी येणार आहे ना गं घरी?" ती हसायला गेली, पण आवाज बारीक झाला.

"वेडी आहेस का!" म्हणत मी कपाट उघडलं. जुने ड्रेस तिला होणार नाहीत, आताचे ढगळ होतील. बाळंतपणानंतर तिचं माप काय असेल, मला ठाऊक नाही. कपाटासमोर उभी आहे. तिचे कपडे अजून काढायचे आहेत.