बाटलीनं उन्हाळा कुठी काढला?

हरिदास रामटेके ताडोबाच्या जंगलालगतच्या एका रिसॉर्टात रेड वाइनचा जाणकार म्हणून नोकरीला होता आणि वाइनचा एक थेंबही त्यानं आयुष्यात जिभेवर ठेवला नव्हता. यातली दुसरी गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती: त्याची बायको रुखमा आणि रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातला जंगू. मालक भूपेशशेठला या गोष्टीचा पत्ता नव्हता आणि तो लागू नये म्हणून हरिदास जिवाचा आटापिटा करायचा.

त्याचं झालं असं. तरुणपणी हरिदास चंद्रपूरच्या एका बारमध्ये वेटर होता. घर बौद्ध, रविवारी विहारात वंदना चुकायची नाही, पंचशील तोंडपाठ. रुखमानं त्याला पसंत करतानाच अट घातली होती. "लोकाइले पाज, तुह्या पोटाचा सवाल आहे. पन तू एक घोट घेतला, तर मी चालली माहेरी." हरिदासनं ही अट इमानानं पाळली. रोज रात्री अंगाला दारूचा वास घेऊन घरी येणारा आणि कधीही न झिंगणारा असा तो त्या वस्तीतला एकटाच नवरा असावा.

मग जिल्ह्यात दारूबंदी झाली, बारला कुलूप लागलं आणि हरिदासनं बसस्टँडपुढे लिंबू-सोड्याची गाडी लावली. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात लिंबू-सोड्याला मरण नाही, पण उरलेलं वर्षभर माणसानं काय माश्या मारायच्या? शिवाय ज्या गिऱ्हाइकांना तो एकेकाळी अदबीनं "साहेब, रिपीट?" विचारायचा, तीच माणसं आता "ए सोडा" म्हणून हाक मारायची. नाव विसरले होते की मुद्दाम म्हणायचे, देव जाणे. हरिदासला ते फार लागायचं. सहा वर्षांनी बंदी उठली आणि रिसॉर्ट काढलेल्या भूपेशशेठला वाइनवर बोलू शकणारा माणूस हवा होता, तेव्हा हरिदास इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हजर झाला.

"पीते हो ना?" नागपूरच्या भूपेशशेठनं एवढंच विचारलं.

"हाव शेठ. मापात."

हे त्याचं पहिलं खोटं. त्या खोट्याच्या बदल्यात त्याला काळा कोट मिळाला, छातीवर पितळेचा बिल्ला मिळाला आणि रिसॉर्टातली झाडूवाल्यापासून सफारीच्या जिप्सीवाल्यापर्यंत सगळी माणसं त्याला ‘वाइनवाले भाऊ’ म्हणू लागली. तो कोट चढवला की हरिदासची मान दोन बोटं वर जायची. घरी आला तरी तो लवकर काढायचा नाही.

शेठनं नाशिकहून एक बाई शिकवायला बोलावली होती. हुशार बाई. तिनं सांगितलं की रेड वाइन जुनी झाली म्हणजे चांगली झालीच, हा भ्रम आहे. बहुतेक बाटल्या दोन-चार वर्षांत संपवायच्याच असतात, मुरण्याची ताकद फार थोड्यांत असते. आणि ज्यांच्यात ती असते त्यांचेही लाड करावे लागतात. जागा थंड हवी, अंधारी हवी, बाटली आडवी हवी म्हणजे बूच ओलं राहतं. उभी ठेवली की बूच वाळतं, आत वारा शिरतो आणि वाइनचं व्हिनेगर होतं. गळ्यापाशी वाइन खाली उतरलेली दिसली, बूच वर आलेलं दिसलं, चिकट ओघळ दिसला, तर तारीख कितीही जुनी असो, हात लावू नका. हरिदासनं हे सगळं वंदनेसारखं पाठ केलं. चाखायची वेळ आली तेव्हा मात्र त्याच्या पोटात अचानक दुखायला लागलं.

बाई म्हणाली होती की जाणकार लोक गिळत नाहीत, चाखून थुंकतात. हरिदासला यात वाट दिसली. घरी जाऊन त्यानं रुखमाला विचारून पाहिलं.

"तोंडात तर गेली ना?" रुखमा भाकरी थापता थापता म्हणाली. "मंग एकट्या पोटानं काय पाप केलं?"

वाट तिथंच बंद झाली. मग जंगू कामाला आला. जंगू आलापल्लीच्या पलीकडचा, मोहाच्या दारूवर वाढलेला, आणि त्याच्या जिभेला आडपडदा ठाऊक नव्हता. नवी बाटली आली की हरिदास स्वयंपाकघरामागं जाऊन त्याला घोटभर द्यायचा. जंगू तोंड वेडंवाकडं करून निकाल सांगायचा आणि हरिदास तो निकाल कोट घालून टेबलावर न्यायचा.

"कच्चं टेंभरू खाल्ल्यावानी जीभ धरते, भाऊ," असं जंगू म्हणाला की पाहुण्यांना ऐकायला मिळायचं, "टॅनिन अजून तरुण आहेत, सर." जंगू म्हणायचा, "जुन्या चपलीचा वास येऊन राह्यला," आणि टेबलावर तेच "लेदरची हलकी छटा" व्हायचं. "कोनं बिडी विझवली का यात?" याचं तर हरिदासनं फार सुंदर टोबॅको केलं होतं. पुण्या-मुंबईचे पाहुणे ग्लासात नाक घालून माना डोलवायचे. एकानं तर चपलीचा वास आल्याबद्दल हरिदासला घसघशीत टीप दिली होती.

रुखमा हे सगळं ऐकून पोट धरधरून हसायची. पण एकदा हसता हसता म्हणाली, "म्हंजे दारू पीत नाई म्हनून पाचवं शील पाळते, अन् त्याच्यासाठी रोज खोटं बोलून चौथं मोडते. चांगला हिशेब आहे तुहा."

हरिदासनं तेव्हा हसण्यावारी नेलं. पण पुढच्या रविवारी विहारात सगळे एका सुरात पंचशील म्हणत असताना, खोटं न बोलण्याच्या त्या चौथ्या ओळीला त्याला खोकला आला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा आला. नंतर तर नेमका त्याच ओळीला यायला लागला आणि पाचव्या ओळीला आवाज पुन्हा खणखणीत. रुखमानं त्याच्यासाठी अडुळशाचा काढा केला. खोकला कशाचा आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं, पण काढा कडू असतो, म्हणून केला.

असं बरं चाललं होतं. मग पुण्याचे एक डॉक्टर लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करायला गोतावळ्यासह येणार असं ठरलं. डॉक्टरांना जेवणाबरोबर जुनी, मुरलेली रेड वाइन हवी होती. खूष झाले तर त्यांच्या डॉक्टर मित्रांचं अख्खं संमेलन इथं भरणार होतं. भूपेशशेठनं हरिदासला बोलावून स्वच्छ सांगितलं. "बढिया लाव, पुरानी लाव. गडबड झाली, तर कोट उतार आणि जाऊन सोडा विक."

हरिदास तडक जंगूकडं गेला. जंगू गावाहून नुकताच परत आला होता आणि गळ्यात नवा काळा दोरा बांधून कांदे चिरत बसला होता.

"जीभ बंद, भाऊ," तो म्हणाला. त्याची बायको दुर्गा गावच्या बायकांच्या मंडळात होती. त्या मंडळानं गावातली मोहाची मडकी फोडली होती आणि नवऱ्यांना रांगेत उभं करून देवापुढं शपथा घ्यायला लावल्या होत्या.

"अरे, एकच घोट. थुंकून दे."

"मंग तू काऊन नाई थुंकत?" जंगूनं विचारलं.

हरिदासनं गाडीची किल्ली उचलली. तो एकटाच चंद्रपूरला गेला.

रोशनचं वाइन शॉप तो बारच्या दिवसांपासून ओळखत होता. रोशननं आतून धूळ पुसत एक बाटली आणली आणि तान्ह्या पोरासारखी त्याच्या हातात दिली. "दोन हजार तेराचा माल, भाऊ. बंदीत गोदामाले सरकारी सील होतं. सहा वर्षं कोनाचा हात नाई लागला. खुद्द सरकारनं मुरवली समज!"

"गोदामाले छत कायचं?"

"टिनाचं. काऊन?"

"बाटल्या आडव्या होत्या का उभ्या?"

"उभ्या. सैनिकावानी! एक फोडली आहे, चाखून पाहा ना."

हरिदासनं बाटली उजेडात धरली. वाइन गळ्याच्याही खाली गेलेली. बूच वर आलेलं. झाकणाखालून वाळलेला चिकट ओघळ. नाशिकची बाई समोर उभी राहून कपाळाला हात लावते आहे, असं त्याला वाटलं. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांचे सहा उन्हाळे टिनाखाली माणूस काढू शकत नाही, तिथं द्राक्षाच्या पाण्याची काय कथा! पण हे खात्रीनं सांगायला चाखावं लागणार होतं. रोशननं फोडलेली बाटली पुढं केली, तसा हरिदास म्हणाला, "आता नको, गाडी चालवाची आहे." तेवढ्यात शेठचा फोन आला. लेबलवर तारीख जुनी आहे ना, मग घेऊन ये, बाकी कोण पाहतं? हरिदासनं दोन बाटल्या घेतल्या. येताना वाटेत त्याला दोनदा खोकला आला.

जेवण उघड्यावर, सागाच्या झाडांखाली होतं. हरिदासनं पांढरा नॅपकिन हातावर टाकून बाटली उघडली आणि डॉक्टरांच्या ग्लासात ओतली. डॉक्टरांनी ग्लास फिरवला, हुंगला, घोट घेतला आणि डोळे मिटले. "वा! वय कळतं. चेरी आहे, मागून थोडं चॉकलेट येतंय." गोतावळ्यानंही घोट घेतले आणि सगळ्यांना ताबडतोब चेरी लागली. भूपेशशेठचा चेहरा फुलून गेला.

डॉक्टरांच्या बायकोनं, मंजुषाबाईंनी, मात्र एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. "मला आंबट लागतेय."

"हिला काही कळत नाही," डॉक्टर सगळ्यांकडं पाहत प्रेमानं म्हणाले. "हरिदासभाऊ, तुम्ही निवडलीत ना? घ्या आमच्याबरोबर एक घोट आणि सांगा हिला."

कोणीतरी ग्लास भरून हरिदासच्या हातात दिला. शेठनं डोळ्यांनी खूण केली, पी. ग्लास नाकाजवळ आला आणि त्याला कुठल्याशा हॉटेलात कोबीवर शिंपडतात त्या व्हिनेगरचा वास आला. प्यायला तर पाचवं जातं. नुसता हुंगून "छान" म्हणाला तर चौथं, पण ते तर रोजच जात होतं. आणखी एकदा गेलं तर कोणाचं काय बिघडणार होतं? त्यानं तोंड उघडलंही.

"भाऊ, खरं सांगा हं," मंजुषाबाई हळूच म्हणाल्या. "पंचवीस वर्षं मला हेच ऐकायला मिळतंय. आता मलाही वाटायला लागलंय की माझीच जीभ चुकते."

हरिदासला त्या बाईची एकदम कणव आली. आणि स्वतःची शरम वाटली. आपलं चपलीचं लेदर आणि बिडीचं टोबॅको ऐकून अशा किती माणसांनी आपल्या धड जिभेवर संशय घेतला असेल, हे आजवर त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं ग्लास टेबलावर ठेवला.

"बाई, तुमची जीभ बराबर आहे. हे व्हिनेगर झालं. सहा उन्हाळे टिनाच्या गोदामात उभी होती बाटली. मले दुकानातच शंका आली होती, तरी मी आनली." तो थांबला, आणि आता थांबून उपयोग नाही हे त्याला कळलं. "अन् मले चाखाले सांगू नका. मी पीत नाई. जिंदगीत कधी पेलो नाई. टेबलावर आजवर जे सांगत होतो, ते दुसऱ्याच्या जिभेचं होतं."

शेठनं घाईघाईनं टेबलावरची बाटली उचलली. मग मंजुषाबाई हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डॉक्टरांनी ग्लास उचलून पुन्हा एक घोट घेतला, गिळला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आंबट आहे खरी." गोतावळ्यातली चेरी त्याच क्षणी नाहीशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिदासनं कोट घडी करून स्वतःच शेठच्या टेबलावर ठेवला. ठेवण्याआधी पितळेचा बिल्ला त्यानं एकदा बाहीनं पुसला. शेठनं हिंदीत आणि मराठीत मिळून जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं हरिदासला चहाच्या काउंटरवर टाकलं आणि कोट आपल्या भाच्याला, विक्कीला दिला. विक्की पितो. कोट त्याला खांद्यात सैल होतो.

निघण्याआधी मंजुषाबाई चहाच्या काउंटरवर आल्या. "याबद्दल तरी स्वतःच्या जिभेनं सांगाल ना?"

"हाव बाई. चहा मी चाखूनच देतो."

संमेलन काही रिसॉर्टात भरलं नाही. पण विक्कीनं आणलेल्या वाइनच्या दोन खोक्यांनी पाहुण्यांची तोंडं वाकडी झाल्यावर शेठ गुपचूप चहाच्या काउंटरवर आला, आणि आता वाइन खरेदीला पुन्हा हरिदास जातो. कोटाशिवाय, चहाचे डाग पडलेल्या शर्टात. दुकानात तो तारीख विचारत नाही, भाव तर नंतर. आधी एकच विचारतो, "बाटलीनं उन्हाळा कुठी काढला?" त्याला लांबून येताना पाहिलं की रोशन जेवायला जातो.

रिसॉर्टात त्याला आता कोणी वाइनवाले भाऊ म्हणत नाही, आणि ते त्याला अजून थोडं लागतं. पण त्या जेवणानंतरच्या पहिल्याच रविवारी विहारात चौथी ओळ आली, तेव्हा रुखमानं सवयीनं त्याच्याकडं पाहिलं. खोकला आला नाही. हरिदासनं ती ओळ अशा मोठ्या आवाजात म्हटली की पुढं बसलेली पोरं मागं वळून पाहायला लागली.

"हळू बोल ना," रुखमानं त्याला कोपर मारलं. "सोडा विकून राह्यला का?"

आणि पाचव्या ओळीला तिनं स्वतःचा आवाज त्याच्याइतकाच चढवला.