सहावं टोक

वलगावच्या फाट्यावर सायकली दुरुस्त करणारे ते चाचा. नाव मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी सकाळी अमरावतीत माझ्या लेकीची तिरंदाजीची निवड चाचणी होती. तिच्या बांबूच्या बाणांसाठी चाचांनी सहा लोखंडी टोकं घडवली होती.

एसटी येऊन उभी राहिली, तरी चाचा एकेक टोक सोनाराच्या लहान काट्यावर तोलत होते. सहावं जड भरलं. दोरीनं बांधलेला चष्मा वर सारून त्यांनी ते पकडीत धरलं आणि कानस घेतली.

"चाचा, राहू द्या ना, गाडी चालली!" लेक रडकुंडीला आली.

"जाऊ दे गाडीले. जड टोकाचा बाण खाली जाते, बेटी. मंग तुले वाटन, आपलाच हात चुकला."

गाडी गेली. त्यांनी दोनदा घासलं, दोनदा तोललं, मग स्वतः रस्त्यात उभं राहून आमच्यासाठी ऑटो थांबवला.

आम्ही कशाबशा वेळेवर पोचलो. पहिलाच बाण खाली लागला. माझी नजर उरलेल्या बाणांच्या टोकांकडे गेली. लेकीनं मात्र बाणांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं कोपर थोडं वर उचललं आणि दुसरा बाण लावला.