छापखान्यावाल्यावर डाऊट

नव्या पुस्तकाच्या शाईचा वास आला का मले अजूनबी रोहणा गावातलं आमचं आंगन आठवते. पोरीनं आमच्या घराची चित्रं काढून सोताच पुस्तक छापून आनलं होतं. मले वाचता येत नाई, म्हून मी चित्रंच तपासून राह्यलो होतो. चुलीपाशी मी, पलीकडे पोरगी, अन् मधात बाईएवढी कोरी जागा. हरेक पानावर तसंच. छापखान्यावाल्यावर मले पयलेच डाऊट होता.

"पोरी, त्यानं शाई वाचवली. फसवलं तुले."

"बाबा, आईची जागा हाय ते. आई गेली तशी रिकामीच हाय."

मी लय वेळ पाह्यलं. "मंग जागा कमी सोडली तू. तुही माय जाडी होती."

पोरगी हासता हासता रडाले लागली. तवा मले वाटलं, जाडी म्हनलं म्हून.